मदत हवी आहे: जुन्या 78 च्या रेकॉर्ड धुवायच्या कशा, काँप्युटरवर घ्यायच्या कशा?

नमस्कार मंडळी. घराची आवराआवर करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांच्या रेकॉर्ड सापडल्या. चाळीसेक एलपी (नंतरच्या, विनाइलच्या) आणि बावीस 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या), बहुतेक नाट्यसंगीत. बालगंधर्वांच्या एका तबकडीवर बुरशीचे पांढरे ठिपके आलेत, अगदी लेबलाच्या कडेपर्यंत.

एलपीचं जमलं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन थेंब भांड्यांचं लिक्विड, मऊ फडकं, खाचांच्या दिशेने गोल पुसायचं आणि लेबल कोरडं ठेवायचं. पहिलीच धुतली तर करकर निम्म्यावर आली! अडलंय ते 78 पाशी. त्या लाखेच्या, स्पिरिट लागलं की पृष्ठभागच विरघळतो. (मामा सॅनिटायझर घेऊन सरसावले होते, थोडक्यात वाचलो.) मग बुरशी कशाने काढता? नुसत्या पाण्याने जाते का?

दुसरं, माझ्या टर्नटेबलला 78 चा वेग आहे, पण सुई एलपीची. 78 ची खाच बरीच रुंद असल्याने सुई तळाशी घासत जाते आणि खरखरच जास्त ऐकू येते. तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई पुण्यात कुठे मिळेल?

शिवाय फोनो प्रीअँप (टर्नटेबलचा क्षीण आवाज वाढवणारी पेटी) एलपीच्या आरआयएए वक्राप्रमाणे, म्हणजे खर्ज-तीव्र स्वर कमी-जास्त करण्याच्या ठरलेल्या प्रमाणाने, आवाज बदलतो, या रेकॉर्ड तर त्याच्या आधीच्या. ऑडॅसिटीत (काँप्युटरवर आवाज घेण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) हे कसं निस्तरता? सध्या 24 बिट, 96 किलोहर्ट्झच्या वेव्ह फायली (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणाऱ्या) ठेवतोय.

एक दुकानदार सगळं करून द्यायला तयार होता, पण देणार एमपीथ्री, आणि खरखर 'पूर्ण साफ' करून. त्यात आवाजही साफ होतो हो! ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.