अनुभव धागा: कॉलेजात घरचं ज्ञान कुठे बसतं?

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर कॉलेजांत ‘भारतीय ज्ञान परंपरा’ शिकवू लागले. आर्यभट, सुश्रुत हवेतच. पण वाडीवरचं, कोळीवाड्यातलं, खारजमिनीतलं ज्ञान त्यात धरलं जातं का? पालघर ते सिंधुदुर्ग, शिकणाऱ्यांनी लिहा. ऐकीव नको, स्वतःचं हवं.

रायगड, बीएस्सी वनस्पतिशास्त्र
मी कातकरी. प्रॅक्टिकलला सरांनी शेवळ ही रानभाजी आणली. कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घसा खवखवतो, हे तेव्हा कळलं. खवखवतो हे ठाऊक होतंच. मिरगाच्या तोंडावर आजी शेवळाच्या जुड्या घेऊन बाजारात बसते, तेव्हा शेजारी काकडांचा, म्हणजे काकड झाडाच्या आंबट फळांचा, वाटा असतोच. खवखव जावी म्हणून काकडं घातल्याशिवाय शेवळाची भाजी करायचीच नाही. अगदी ओठांवर आलं होतं. पण पहिल्या वर्षी माझी बोली ऐकून वर्ग हसला होता, म्हणून गप्प राहिले. पुढच्या आठवड्यात धीर करून सांगितलं. सरांनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "आजी वर्गात येतील का?"

आजी म्हणाली, "येईन की. पण दिवसाचा धंदा बुडेल, त्याचं काय?"

बरोबरच आहे तिचं. बाहेरून आलेल्या व्याख्यात्याला मानधन मिळतं, मग आजीला का नको?

रत्नागिरी, मत्स्यशास्त्र
बाबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा; सकाळी सहाला पूर्ण भरती, संध्याकाळीही तीच. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते हे पुस्तकात वाचलं, तेव्हा तिथीमागे पाऊण तासाचा हा हिशेब कुठून आला ते उमगलं. मला दोन्ही लागलं. बाबांचा हिशेबही फळ्यावर यावा, एवढंच मागणं.

पेण, कृषी
काळा राता, भुरा राता हे खाऱ्या जमिनीत तगणारे भात शेतकऱ्यांनी राखले. परीक्षेत पनवेल-१, २, ३ हे संशोधन केंद्राचे वाण विचारतात. बी कुणी जपलं, हे कधीच नाही.

पिंगुळी (सिंधुदुर्ग), एमए
आम्ही ठाकर. घरी चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गायच्या कथांच्या, पोथ्या आहेत. मला भीती वेगळीच आहे. प्रकल्पासाठी मुलं येतात, आजोबा एकेक चित्र उलटून कथा गातात, मुलं फोटो काढतात आणि जातात. परत कुणी फिरकत नाही. न विचारता काही छापू नका, आणि प्रकल्पाची एक प्रत घरी द्या. आजोबांना वाचता येत नाही, मी वाचून दाखवेन.