मदत हवी आहे: डाऊन सिंड्रोम असलेल्या मोठ्या भावाची नीट तपासणी कशी करून घ्यावी? (गुहागर-चिपळूण)

खाडीकाठ:
भाऊ ३१ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम (जन्मतःच असलेली बौद्धिक अक्षमता), मोजकेच शब्द बोलतो. पंधरवड्यापासून जेवण निम्म्यावर आलंय, डाव्या गालावर स्वतःच थपडा मारून घेतो, रात्री उठून बसतो. डॉक्टरांनी हात न लावताच ‘या मुलांचं असंच असतं’ म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. थायरॉईडची गोळी पूर्वी चालू होती, मध्येच बंद पडली. फिट येत नाही. सुई दिसली की हात ओढतो, तोंड उघडत नाही. काय काय तपासायचं, दाबून न धरता कसं जमवायचं, आणि भूल द्यावी लागली तर सही कोणाची चालते? चिपळूणपर्यंत येऊ शकतो.

विशेष शिक्षिका:
ताई, वागणं एकाएकी बदललं की ते दुखण्याचं लक्षण धरायचं. शरीर तपासून काही सापडलं नाही तरच मनाकडे वळायचं. उलट्या क्रमाने गेलं की गोळीने माणूस गप्प होतो आणि दुखणं आत वाढत राहतं.

एकाच बाजूला मारतोय म्हणजे पहिला संशय डावी दाढ आणि डावा कान. डाऊनमध्ये कानाची वाट अरुंद असते, मळ घट्ट बसतो, ऐकू कमी येतं आणि लोक म्हणतात हट्टी झालाय. मग पोट. शौचाला कधी आणि कसं झालं ते रोज वहीत लिहा. यात एक फसगत नेहमी होते: आत शौचाचा खडा अडकला की त्याच्या कडेने पातळ झिरपतं, घरच्यांना जुलाब वाटतात, जुलाब थांबवायची गोळी दिली जाते आणि आतडं आणखी तुंबतं. पाणी कमी पिणाऱ्याला इसबगोलही देऊ नका. पोट फुगून उलट्या सुरू झाल्या तर सकाळची वाट न बघता निघा.

रक्तात टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आधी, कारण गोळी बंद पडलीय. डाऊनमध्ये तो एरवीही वर्षातून एकदा बघायचा असतो. सोबत हिमोग्लोबिन, साखर, बी-१२, सगळं एकाच सुईत. सुन्न करणारं लिग्नोकेन-प्रिलोकेन मलम डॉक्टरांना विचारून आणा. कोपराच्या आतल्या बाजूला जाड थर, वर चिकट पट्टी, पूर्ण ६० मिनिटं. बऱ्याचदा दहा मिनिटांत पुसतात आणि मग मलम कुचकामी ठरवतात. तोवर दोन-तीन दिवस घरी दंडाला पट्टा बांधून सोडायचा सराव करा.

केसपेपरसोबत एक पान लिहून न्या: आधीचं आणि आत्ताचं वजन, चालू आणि बंद पडलेली औषधं, दुखलं की काय करतो, होकार-नकार कसा दाखवतो, कशाने बिथरतो, कशाने शांत होतो. ब्रिटनमध्ये याला ‘हॉस्पिटल पासपोर्ट’ म्हणतात. सगळ्यात वर ठळक लिहा: ‘हा एरवी असा नसतो, बदल पंधरा दिवसांतला आहे.’ मोबाईलवर जेवतानाचा जुना आणि आताचा व्हिडिओ दाखवा. डॉक्टरांना तो शंभर शब्दांपेक्षा लवकर कळतो. ओपीडी उघडताच पोहोचा. तपासणीत प्राधान्य देण्याची तरतूद दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २५ मध्ये आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) पुढे ठेवून शांतपणे सांगा.

दंतवैद्य, चिपळूण:
दाढेचा अंदाज ताटावरूनही येतो. भाकरी सोडून मऊ भातच मागतो का, एकाच बाजूने चावतो का, गार पाणी टाळतो का? दिवसाची पहिली वेळ घ्या. पहिल्या खेपेला खुर्चीत बसणं आणि आरसा तोंडात जाणं एवढं झालं तरी पुष्कळ. पण गालाला सूज किंवा ताप असेल तर सरावात दिवस घालवू नका.

तोंड उघडलंच नाही तर पूर्ण भूल, तीही भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणीच. डेरवणचं वालावलकर रुग्णालय किंवा रत्नागिरीचं सिव्हिल इथे आधी चौकशी करा. एकाच भुलेत दाढ, बाकी दातांची सफाई, कानाचा मळ आणि रक्त, सगळं उरकून घेता येतं. मात्र कानाचे डॉक्टर त्या वेळी हजर हवेत, म्हणून तारीख ठरवतानाच सांगा.

भूलतज्ज्ञांनी विचारलं नाही तरी त्यांना आपणहून सांगायचं: हृदय आणि मान. डाऊनमध्ये जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो, जुना इको (हृदयाची सोनोग्राफी) असेल तर न्या. मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. चाल अलीकडे बिघडली असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल तर भुलेआधी मान तपासायलाच हवी. घन पदार्थ ६ तास आणि साधं पाणी २ तास आधी बंद. चहा-बिस्किटापायी ऑपरेशन पुढे ढकललं जातं, तेव्हा त्या सकाळी घरात कोणीच त्याच्यासमोर खाऊ नका.

आणि हे आजच बघा: तो घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का? तसं असेल तर झोपेची गोळी धोक्याची, लिहून देणाऱ्यांना लगेच विचारा.

खाडीकाठ:
घोरतो, खूप. फोन केला, डॉक्टरांनी गोळी थांबवायला सांगितली. सहीचं कोणी सांगेल का?

पालकत्व अर्ज मदत:
१८ पूर्ण झाल्यावर आई-वडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ च्या कलम १४ खाली आई-वडील किंवा नातेवाईक स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करू शकतात. समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, म्हणजे तुमचा अर्ज रत्नागिरीला. याला वेळ लागतो, म्हणून आत्ताच सुरू करा, पण त्यासाठी उपचार अडवू नका. तातडीच्या वेळी डॉक्टर कागदासाठी थांबत नाहीत. ठरवून केलेल्या ऑपरेशनला बहुतेक ठिकाणी जवळच्या नातेवाइकाची सही घेतात, तरी तारखेच्या आधीच रुग्णालयात विचारून ठेवा. सही तुमची असली तरी काय होणार ते त्याला चित्रं दाखवून सांगायचंच, आणि त्याचा नकारही डॉक्टरांच्या कानावर घालायचा.

राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमाही काढा. एक लाखापर्यंत संरक्षण, त्यात ओपीडी धरलेली आहे आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत अर्ज भरतात.

कोणी थेट मनोरुग्णालयाचा रस्ता दाखवला तर सांगा की मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या व्याख्येत बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार नाही. दाढ, कान, पोट आणि टीएसएच झाल्याशिवाय ती चिठ्ठी घेऊ नका.