हलकंफुलकं वाचायचंय, पण नंतर चिडचिड नको! रोमँटिक कादंबऱ्या सुचवा

लेजरबाई:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी एका सहकारी बँकेत कर्जवसुलीला आहे. दिवसभर थकबाकीदारांना फोन करायचे आणि त्यांची कारणं ऐकायची. सकाळी कल्याण ते दादर लेडीज डब्यात जो तासभर मिळतो, तेवढाच काय तो माझा. त्या तासात मी इंग्रजी रोमँटिक कादंबऱ्या वाचते. चिकलिट म्हणतात ना, गुलाबी कव्हर आणि त्यावर उंच टाचेचा एक बूट, त्याच. किंडलवर वाचते, कारण त्यात कव्हर कोणाला दिसत नाही. रोज शेजारी बसणाऱ्या बाईंनी एकदा विचारलं तर "बँकेच्या प्रमोशनच्या परीक्षेचं आहे" असं ठोकून दिलं. तेव्हापासून त्या मला जागा धरून ठेवतात.

वाचताना खूप मजा येते, खोटं कशाला बोलू. एकदा मुलुंडला खिदळले तर समोरच्या बाई दचकल्या. पण पुस्तक संपलं की चिडचिड होते. नायिका इतकी धांदरट का असते? पहिल्या पंधरा पानांत ती कोणाच्या तरी शर्टावर कॉफी सांडणार आणि सोमवारी तोच तिचा नवा बॉस निघणार. शिवाय ते वजन. ब्रिजेट जोन्स पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लोळून हसले होते. दुसऱ्यांदा वाचताना तिच्या डायरीतले स्टोन-पाउंड किलोत करून पाहिले. पहिल्याच पानावर ती रडतेय साडेअठ्ठावन्न किलोंवर! मी तेव्हा चौऱ्याहत्तर होते. हसू तिथेच विरलं.

आणि ती 'शॉपोहॉलिक' कादंबऱ्यांमधली बेकी, खरेदीच्या नादात कर्जात बुडालेली. बँकेची पत्रं उघडायची नाहीत, मॅनेजरला कधी पाय मोडल्याचं तर कधी कुत्रा मेल्याचं कळवायचं. सगळ्या वाचक बेकीच्या बाजूने असतात. माझा जीव मात्र त्या डेरेक स्मीथमध्ये अडकतो, तिचा बँक मॅनेजर. माझ्या एका कर्जदाराची आजी दोन वर्षांत तीनदा वारली आहे, त्यामुळे डेरेकचं दुःख मला समजतं. शेवटी हिरो येतो, श्रीमंत असतो, झालं. कर्ज असं मिटत नाही हो.

तर असं काही सुचवा जे हसवेल, ज्यात प्रेम असेल आणि शेवट गोडच असेल (रडकं नको, ते ऑफिसात भरपूर मिळतं). फक्त नायिकेने आपले गुंते आपणच सोडवलेले हवेत. इंग्रजी, मराठी, काहीही चालेल.

कोकमसरबत:

लेजरताई, तीनदा वारलेल्या आजीला श्रद्धांजली.

एक दुरुस्ती मात्र करू द्या. पहिल्या भागात बेकीचं कर्ज हिरो फेडत नाही. आईवडिलांच्या शेजाऱ्यांना एका गुंतवणूक कंपनीने फसवलेलं असतं आणि त्यात बेकीनेही न वाचताच सल्ला दिलेला असतो. त्याची टोचणी लागून ती त्या कंपनीविरुद्ध लेख लिहिते, टीव्हीवर त्याच कंपनीच्या बाजूने बोलणाऱ्या आपल्या हिरोशी भांडते आणि तिथेच तिला पैशांबद्दल सल्ला द्यायचं काम मिळतं. म्हणजे जिला स्वतःची पत्रं उघडवत नाहीत ती लोकांना सल्ला देते! दुसऱ्या भागात तर ती स्वतःचे कपडे लिलावात काढून देणी फेडते. जप्ती-लिलाव तुमचाच प्रांत, जरूर वाचा. डेरेक त्यात निवृत्त होतो आणि त्याच्या जागी कडक माणूस येतो.

माझी शिफारस: बेथ ओलिअरीचं 'द फ्लॅटशेअर' (२०१९). लंडनमध्ये टिफी आणि लिऑन एकच खोली आणि एकच पलंग भाड्याने वाटून घेतात. तो रात्रपाळीचा नर्स, ती दिवसा नोकरीला, त्यामुळे गाठच पडत नाही. एकमेकांना ओळखतात ते फक्त चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवरून.

तर्कट:

स्पष्ट बोलतो, राग नसावा. आयुष्यात पुस्तकं मोजकीच वाचून होतात. रोजचा एक तास म्हणजे वर्षाला तीनशे तास. त्यात किती उत्तम वाङ्मय वाचून होईल! शेवट आधीच ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा वाचण्यात काय हशील?

अभ्यासू बोका:

तर्कटराव, हा आक्षेप फार जुना आहे. जॉर्ज एलियटने १८५६ मध्येच बायकांच्या बाष्कळ कादंबऱ्यांवर अख्खा निबंध लिहून खिल्ली उडवली होती. नायिका रूपवान, विदुषी, शिवाय धार्मिक आणि सगळे पुरुष तिच्यापुढे गार! २००१ मध्ये बेरिल बेनब्रिज यांनी चिकलिटला फेस म्हटलं. गंमत अशी की दोघीही बायका आणि दोघींचं म्हणणं थोडंफार खरंही आहे.

पण तुम्ही लहानपणी अर्नाळकर वाचलेत की नाही? झुंजार सुटणार हे पहिल्या पानावर माहीत नव्हतं का? पुरुषाने ते वाचलं की रम्य बालपण आणि बाईने हे वाचलं की वेळेचा अपव्यय, असं कसं?

वेगळ्या अंगाने वाचायचं असेल तर जॅनिस रॅडवे यांचं 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) बघा. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या एका गावात नियमित रोमान्स वाचणाऱ्या बायकांशी बोलून त्यांनी ते लिहिलं. बायकांनी गोष्टीपेक्षाही वाचण्याच्या कृतीबद्दल जास्त सांगितलं: हातात पुस्तक असलं की तेवढा वेळ मी कोणाची आई नाही, कोणाची बायको नाही. रॅडवेंना हे पटतं आणि खटकतंही. घरातली जी उणीव पुस्तक भरून काढतं, ती भरून निघाल्यामुळे तशीच चालू राहते का, हा त्यांचा प्रश्न आहे. लेजरताईंची चिडचिड मला तरी याच्याच आसपासची वाटते.

तर्कट:

झुंजार अजून कपाटात आहे. पुढचं बोलत नाही.

मावशीआजी:

अगं लेजर, तुझं किंडल आता आलं, आमचं खाकी कव्हर होतं. सांगलीला लग्न होऊन गेले तेव्हा घराजवळ एक वर्गणीची लायब्ररी होती. शैलजा राजे, कुमुदिनी रांगणेकर यांच्या कादंबऱ्यांना नंबर लावावा लागायचा. दुपारी भांडी घासून झाली की दोन ते चार, सासूबाई झोपल्यावर. पुस्तकं एवढ्या हातांतून गेलेली की कोपरे मऊ झालेले, पानांना हळदीची बोटं. समासात पेन्सिलीने शेरे असायचे. एकीने एका नायकाच्या नावाखाली लिहिलं होतं, "हा मेला पुढे फसवणार आहे". तिच्याखाली दुसरीने, "सांगू नका ना!" त्या बायका कोण होत्या कधी कळलं नाही, पण मला त्या मैत्रिणीच वाटायच्या. एकदा तर शेवटचं पानच फाडून नेलेलं. आठ दिवस मी आणि शेजारच्या वहिनी त्या दोघांचं काय झालं असेल यावर भांडत होतो.

त्याआधी माझ्या आईच्या वेळी फडके. टेनिस खेळणारे नायक आणि मोटारी. आमच्या घरात टेनिसची रॅकेट कोणी पाहिलेली नव्हती.

आता तुझी तक्रार. तशीच माझीही होती. तुमच्या नायिकेला निदान नोकरी तरी असते. आमच्यावेळची नायिका बीए व्हायची, वादविवादात पहिली यायची आणि शेवटच्या प्रकरणात पदराने कपाळ टिपत त्याच्यासाठी चहा करायची. मी पुस्तक मिटून उठायचे आणि मीही चहाच ठेवायचे. साडेचार झालेले असायचे ना.

सुचवायला माझ्याकडे नवीन काही नाही. त्या सांगलीच्या लायब्ररीत आता मोबाईलचं दुकान आहे.

वेणू:

मावशीआजी, एवढा एकच प्रतिसाद वाचायला लॉगिन केलं.

लेजरताई, जॉर्जेट हेयर वाचली आहेस का? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं इंग्लंड, बग्ग्या, नाचाच्या मेजवान्या, तिरकस संवाद. माझी लाडकी 'व्हेनिशिया' (१९५८). नायिका पंचविशीची आणि मुळीच धांदरट नाही. नायक बदनाम माणूस, "तुझ्या भल्यासाठी" म्हणून तिला सोडायला निघतो. सगळ्यांनी मिळून तिचं भलं ठरवून टाकलेलं असतं आणि ती एकटी लंडनमध्ये खटपट करून तो डाव उधळते.

'द ग्रँड सोफी'ही मजेदार आहे, पण त्यातला सावकाराचा प्रसंग वाचताना मला अंगावर काटा आला. ज्यू माणसाचं इतकं ओंगळ चित्र, तेही १९५० साली, महायुद्ध होऊन गेल्यावर. आधीच सांगून ठेवते.

न्यूजर्सीची सुमी:

सोनाली देव यांचं 'अ बॉलीवूड अफेअर' (२०१४). मिलीचं चौथ्या वर्षी राजस्थानात लग्न लागलेलं, नवरा हवाईदलात, वीस वर्षं पत्ता नाही. ती शिकायला मिशिगनला येते आणि ते लग्न रीतसर मोडून घ्यायला नवऱ्याचा भाऊ तिच्या मागे येतो. तो सिनेमा दिग्दर्शक. पुढचं ओळखा. कथानक शंभर टक्के फिल्मी आहे, पण परक्या गावात पहिल्या हिवाळ्यात खिशात पैसे नसलेली देशी मुलगी मी स्वतः होते, त्यामुळे मी हिशेब न करता वाचलं.

आणि अनुजा चौहान! 'दोज प्राइसी ठाकूर गर्ल्स' (२०१३). दिल्लीतला हेली रोड, ऐंशीचं दशक, निवृत्त न्यायमूर्ती आणि ए-बी-सी-डी-ई अशा क्रमाने नावं ठेवलेल्या पाच मुली. चौथी देबजानी सरकारी टीव्हीवर बातम्या वाचते, नायक १९८४ च्या शीखविरोधी दंगलींचा छडा लावणारा पत्रकार. तो तिला विचारतो की तू वाचतेस त्या बातम्या खऱ्या आहेत का. हलक्या पुस्तकात हा प्रश्न येतो आणि पुस्तक जड होत नाही. इंग्रजीही आपल्यासारखं, मध्येच हिंदीत घसरणारं.

नाइटशिफ्ट:

मी स्टाफ नर्स आहे, 'फ्लॅटशेअर'ला जोरदार अनुमोदन. रात्रपाळी करून घरी आल्यावर कोणीतरी आपल्यासाठी खाऊ ठेवलाय, हे सुख काय असतं ते नाइट केलेल्यालाच कळेल. लिऑन थकलेला असला की वाक्यंही तोडकी बोलतो. अगदी तसंच होतं. पण ताई, टिफीच्या आधीच्या मित्राने तिला "तुला आठवत नाही, तूच असं म्हणालीस" करून करून पार खच्ची केलेलं दाखवलंय. ती पानं हलकी नाहीत.

अवांतर: पलंग वाटून घेण्याचं एवढं कौतुक वाचून माझे बाबा हसले. आजोबा गिरणीत होते. परळच्या खोलीत माणसं पाळ्यांप्रमाणेच झोपायची, दिवसपाळीवाला उठला की त्याच वळकटीवर रातपाळीवाला. चिठ्ठ्या मात्र कोणी लिहिल्या नाहीत, असं बाबांचं म्हणणं.

अभ्यासू बोका:

मॅरियन कीज राहिली की! 'रेचल्स हॉलिडे' (१९९८). कव्हर बघून फसू नका. रेचल न्यूयॉर्कमध्ये मजा करणारी आयरिश मुलगी, घरचे तिला आयर्लंडला आणून व्यसनमुक्ती केंद्रात घालतात. तिला वाटतं, मला कसलं व्यसन, मी तर जाकुझी आणि मसाज घेऊन सुट्टी काढून येते. गोष्ट तीच सांगते, त्यामुळे आपणही तिच्यावर विश्वास ठेवतो. मग केंद्रात तिच्या ओळखीची माणसं येऊन बोलतात आणि आपल्याला कळतं, ही आपल्याला सुरुवातीपासून थापा मारतेय. तुमच्या आजीवाल्या कर्जदाराच्या तोंडून कादंबरी ऐकल्यासारखं होईल. लेखिका स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेली आहे आणि ते वाक्यावाक्यात जाणवतं. हीरो आहे, चामड्याच्या पँटीतला, पण तिला तो बरं करत नाही.

लेजरबाई:

तीन आठवड्यांनी हजेरी लावतेय. मार्चअखेर होता, माफ करा.

कोकम, तुझं बरोबर निघालं. बेकी परत वाचली. माझ्या डोक्यात सिनेमे आणि बाकीची पुस्तकं मिळून एकच गोळा झाला होता आणि त्यात तिचं श्रेय मी हिरोला देऊन टाकलं होतं. एवढं वाचून मीच असं करावं! तरीही मी डेरेकच्याच बाजूने आहे. लिलावाचं प्रकरण मात्र ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं.

'फ्लॅटशेअर' चार दिवसांत संपलं, रविवार धरून. शेवटी चिडचिड झाली नाही, थोडं गोड जास्त झालं एवढंच. 'रेचल' अर्धं झालंय. नऊ-दहा दिवस दर फोनवर मला तीच बोलतेय असं वाटतंय. काल एका माणसाने पगार झाला नाही म्हणून सांगितलं आणि मी नेहमीसारखं "हं हं" करण्याऐवजी, "कधीपासून?" असं विचारलं. चार महिने झाले म्हणाला. खरं होतं.

मावशीआजी, तुमच्या समासातल्या बायका डोक्यातून जात नाहीयेत.

आणि सगळ्यात मोठी बातमी. माझ्या डब्यातल्या त्या बाई, परीक्षावाल्या. परवा घाटकोपरला त्या हळूच वाकल्या आणि म्हणाल्या, "ती पिवळ्या चिठ्ठ्यांवाली दोघं भेटली का हो शेवटी? मी दोन दिवस रजेवर होते." दीड वर्षं त्या माझ्या खांद्यावरून वाचत होत्या! म्हणाल्या, तुम्ही पान फार लवकर उलटता.

मावशीआजी:

अगं मग उलट ना जरा सावकाश. आणि त्या किंडलवर अक्षर मोठं करता येतं का? मराठी पुस्तकं मिळतात का त्यात? नातू विचारतोय वाढदिवसाला काय हवं म्हणून.