तोतरा, बोबडा, चाचरणे, अडखळणे : फरक काय आणि लिहावे काय?

मूळ प्रश्न

मुलांच्या अडखळत बोलण्याविषयी पालकांसाठी एक छोटी पुस्तिका लिहितो आहे. शब्दकोश 'तोतरेपणा' हा शब्द देतो. पण लहानपणी 'ए तोतऱ्या' इतक्यांदा ऐकले आहे की तो लिहितानाही माझा हात थांबतो. त्याऐवजी 'बोबडे बोलणे' किंवा 'चाचरणे' चालेल का?

प्रतिसाद १

'बोबडे' नक्की नको, अर्थच बदलेल. बोबड्या बोलण्यात उच्चार पुरता वळलेला नसतो, 'राम'चा 'लाम' होतो, पण शब्द न अडता बाहेर येतो. तोतरे बोलणाऱ्याला 'र' उत्तम येतो, त्याचा ओघ अडतो. 'र-र-राम' होते, किंवा 'रऽऽ' लांबत जातो, किंवा ओठ हलतात आणि आवाजच फुटत नाही. हा शेवटचा प्रकार ऐकणाऱ्यांना कळतच नाही. त्यांना वाटते, उत्तर आठवत नसेल.

हिंदीमुळे घोळ वाढतो. तिकडचे 'तुतलाना' म्हणजे आपले बोबडे बोलणे, आणि आपल्या तोतरे बोलण्याला ते 'हकलाना' म्हणतात. हिंदी 'तोतला' (बोबडा) आणि मराठी 'तोतरा' कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण अर्थ वेगळे.

प्रतिसाद २

'चाचरणे' मीही टाळेन. 'विचारल्यावर तो चाचरला' यात भीती किंवा लपवाछपवी आधीच धरलेली आहे. आपल्या भाषेत हे फार खोलवर आहे. घाबरला की बोबडी वळते, चोरी पकडली की माणूस 'त त प प' करतो. म्हणजे अडखळणे हा मराठीत जवळजवळ खोटेपणाचा पुरावा आहे. आता ज्याची वाणी मुळातच अडते, त्याने मुलाखतीत किंवा साक्ष देताना काय करायचे? तो खरे बोलत असतो आणि समोरच्याच्या कानात हे वाक्प्रचार वाजत असतात. एखादे अपमानास्पद नाव टाळता येते. हे वाक्प्रचार मात्र आपण सहज वापरतो, आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते.

याच भाषाकुळात एक उलट उदाहरणही आहे. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदग्रंथाच्या निदानस्थानात मूक, मिन्मिन (नाकात बोलणे) आणि गद्गद (अडखळत बोलणे) हे वाणीचे विकार एकत्र सांगितले आहेत. कफासह वायू शब्दवाहिनी धमन्या अडवतो, असे त्याचे कारण दिले आहे. तोच 'गद्गद' भक्तीच्या भाषेत येतो तेव्हा 'कंठ सद्गदित झाला' म्हणून गौरवाचा होतो. भावना दाटली की शरीरावर उमटणाऱ्या अष्टसात्त्विक भावांत स्वरभंग, म्हणजे आवाज तुटणे, मोजलाच आहे. आवाज दोन्हीकडे तुटतो, पण एकाला आपण रोगी म्हणतो आणि दुसऱ्याला धन्य. कोणता तुटलेला आवाज ऐकून घ्यायचा, हे कान ठरवतो आणि कानाला संस्कृती घडवते.

प्रतिसाद ३

मग शब्दच नसता तर अडखळणेही नसते का? असा दावा खरोखर झाला होता. अमेरिकेतले वाणीतज्ज्ञ वेंडेल जॉन्सन स्वतः अडखळत बोलत. पालकांनी मुलाच्या साध्या अडखळण्याला दोषाचे नाव दिले की त्यातूनच दोष घडतो, असे त्यांचे मत होते. १९४४ साली त्यांनी लिहिले की बॅनॉक आणि शोशोनी या अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांत यासाठी शब्दच नाही आणि असे बोलणारेही नाहीत. १९८३ साली इतर संशोधकांनी दाखवून दिले की त्यांच्याकडे शब्द आहेत आणि अडखळणारी माणसेही आहेत. जगभर मोठ्या माणसांत साधारण १ टक्का लोक असे बोलतात. लहान मुलांत प्रमाण बरेच जास्त असते, पण बहुतेकांचे पुढे आपोआप थांबते. आनुवंशिकतेचा यात मोठा वाटा आहे. नावामुळे अडखळणे जन्माला येत नाही. त्याची लाज मात्र नावातून येऊ शकते, एवढा भाग जॉन्सन यांच्या विचारातून मी ठेवीन.

शब्द बदलल्याची उदाहरणे आहेत. जपानीत 'दोमोरी' आता हिणवणारा मानतात आणि 'कित्सुओन' वापरतात. दुसरी एक गोष्ट मला बोचते. 'तोतरा', जर्मन 'श्टॉटर्न', तुर्की 'केकेमे', स्पॅनिश 'तार्तामुदो', सगळीकडे शब्दच अडखळण्याची नक्कल करतो. ज्याला 'त' अवघड जातो, त्याला स्वतःची अडचण सांगायलाही 'त' दोनदा ओलांडावा लागतो.

मूळ प्रश्नकर्ता

हे शेवटचे वाचून बराच वेळ थांबलो. अगदी असेच होते. आम्ही अडणारा शब्द टाळून दुसरा घेतो, वाक्य फिरवतो. त्यामुळे समानार्थी शब्दांचा साठा वाढतो आणि अडखळणे लोकांना दिसतही नाही. पण स्वतःच्या नावाला समानार्थी शब्द नसतो. म्हणून ओळख करून देणे हेच सर्वांत कठीण. नाव सांगायला वेळ लागला की समोरचा हसून विचारतो, 'नाव विसरलात का?'

तर ठरवले आहे. 'तोतरेपणा' एकदाच, व्याख्येत, पालकांना शोधताना सापडावा म्हणून. पुढे सगळीकडे 'अडखळत बोलणे'. 'तोतरा मुलगा' कुठेही नाही, 'अडखळत बोलणारा मुलगा'. लांब होते, पण त्यात 'बोलणारा' हा शब्द राहतो आणि मला तो हवा आहे.

प्रतिसाद १

एक सुचवू? मुले स्वतः काय म्हणतात तेही घ्या. माझा पुतण्या पाच वर्षांचा असताना म्हणायचा, 'काका, थांब, शब्द अडकलाय.' आम्ही थांबायचो. मग तो यायचा.