मदत हवी आहे: केडगावच्या १९०५ च्या संजीवनाबद्दल (ख्रिस्ती लोकांमधली धार्मिक जागृती, revival) त्या काळचं मराठी लिखाण कुठे मिळेल?

पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधे जून १९०५ ला संजीवन झालं, म्हणजे लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या १९०६ च्या प्रसिद्ध संजीवनाच्याही आधी, त्यावर चर्चच्या युथ ग्रुपला बोलायचंय (पोरांना वाटतं हे सगळं अमेरिकेतून आलं). मुक्ती मिशनमधल्या मिशनरी मिनी अब्राम्सची या संजीवनावरची पुस्तिका चिलीत हूव्हर या मिशनरी दांपत्याकडे पोचली आणि तिकडे १९०९ ला पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारी) चळवळ उभी राहिली, हे इंग्लिशमधे वाचून झालंय, स्कॅनही आहेत. पण एका मुलीवर आग दिसली म्हणून दुसरी पाण्याची बादली घेऊन धावली असं जे सांगतात ना, तसलं त्याच काळच्या मराठीत हवंय, भाषांतर नको. 'ज्ञानोदय' या मराठी ख्रिस्ती नियतकालिकाचे १९०५ ते १९०७ चे अंक कुठे बघायला मिळतील? पुण्यात असतील तर मला फक्त शनिवारी जमेल, आणि मोबाईलने फोटो काढू देतात का?