मदत हवी आहे: सेस्ना १७२एस विमान गरम असताना सुरू होत नाही

इंजिन लायकमिंग आयओ-३६०-एल२ए. पुण्याच्या मे महिन्यातल्या दुपारी बंद करून २०-३० मिनिटं झाली की दोन-तीन फेरे पेटतं, फ्युएल फ्लोचा (इंधन प्रवाहाचा) काटा थरथरतो आणि विझतं. सकाळी थंड असताना मात्र पहिल्याच झटक्यात सुरू! म्हणजे सिलिंडरवरच्या इंजेक्टर नळ्यांत इंधनाची वाफ धरते, असं वाटतं. बॅटरी, प्लग तपासलेत. इम्पल्स कपलिंगची (सुरू करताना ठिणगीसाठी मॅग्नेटोला झटका देणारा भाग) टकटक स्वच्छ ऐकू येते. नाक वाऱ्याकडे ठेवून, काउलवरचं (इंजिनाच्या आवरणावरचं) ऑइल तपासायचं झाकण उघडं ठेवून पाहिलं. प्राइम न करता (आधी इंधन न सोडता) आणि फ्लडेड स्टार्टनेही (इंधन जास्त झालेल्या इंजिनाच्या पद्धतीनेही) पाहिलं. स्टार्टरची १० सेकंद चालू, २० सेकंद विश्रांती ही मर्यादा पाळतोच, त्यामुळे तीन प्रयत्नांनंतर १० मिनिटं थांबावं लागतं. इंजिनात बदल करायचा नाही. वाफ हटेल पण इंजिन फ्लड होणार नाही, यासाठी बूस्ट पंप (विजेवरचा इंधन पंप) लावून मिक्श्चर नेमकं किती सेकंद रिच (इंधन जास्त) ठेवता?