ओढल्यावर सुटायचं सोडून पेशीची पकड घट्ट का होते?

पेशीवाली: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी फायब्रोब्लास्ट (जोडऊतीतल्या पेशी) वाढवतेय. पॅक्सिलिन या पकडीतल्या प्रोटीनचं स्टेनिंग केलं (रंगवून बघितलं) तर काचेवरच्या पेशींना कडेकडेने लांबट, भाल्याच्या पात्यासारखे ठिपके दिसतात, म्हणजे फोकल अॅडहेजन (पेशी पृष्ठभागाला जिथे धरते त्या जागा), आणि त्याच पेशी मऊ जेलवर टाकल्या की गोलसर राहतात, ठिपके जेमतेम दिसतात. काचेवर तर मायोसिन (पेशीतलं ओढणारं प्रोटीन) जास्त जोरात ओढतं ना, मग तिथली प्रोटीनं एकमेकांपासून सुटायला हवीत, उलट ठिपका मोठा कसा होतो??

रेणूवेडा: सगळी गंमत टॅलिन या जोडणाऱ्या प्रोटीनमध्ये आहे. त्याचं एक टोक इंटेग्रिनला (पेशीच्या आवरणातून बाहेरच्या पृष्ठभागाला धरणारं प्रोटीन) धरतं, दुसरीकडून अॅक्टिन (पेशीतले तंतू, ज्यांना मायोसिन ओढतं) ओढतं, आणि मधल्या दांड्यात हेलिक्सच्या, म्हणजे मळसूत्री वेटोळ्यांच्या, १३ जुड्या असतात. घडी घातलेल्या साडीचा आतला काठ दिसत नाही, घडी ओढली की दिसतो, तसंच. आर३ नावाची जुडी साधारण ५ पिकोन्यूटनलाच (रेणूंच्या पातळीवरचं अतिसूक्ष्म बल) उलगडते आणि आत दडलेल्या जागांवर व्हिन्क्युलिन हे दुसरं प्रोटीन येऊन बसतं. २००९ मध्ये एकेक टॅलिन चुंबकाने ताणून हे दाखवलंय. व्हिन्क्युलिन अॅक्टिनलाही धरतं, म्हणजे एका दोराचे अनेक दोर झाले. मऊ जेल स्वतःच सरकतं, ताण हळू चढतो, त्यामुळे टॅलिन उलगडायच्या आधीच इंटेग्रिन सुटून जातं.

कोल्हापूरकर: यात कॅच बाँड पण धर. फायब्रोनेक्टिन (पेशीबाहेरचं प्रोटीन) आणि अल्फा५बीटा१ या प्रकारच्या इंटेग्रिनची जोडी साधारण १० ते ३० पिकोन्यूटनच्या ताणात जास्त वेळ टिकते, दोर ओढला की गाठ आवळते ना तशी, त्यापुढे मात्र सुटायला लागते. म्हणजे तुझा अंदाज चूक नाही, फक्त तो जास्त ताणाला लागू पडतो.

लॅबताई: वाचून सोडू नकोस गं, करून बघ. ब्लेबिस्टॅटिन टाकून मायोसिन बंद कर, ते मोठे ठिपके विरघळायला लागतात, धुऊन काढलंस की परत येतात. पण जिवंत पेशी बघणार असशील तर जीएफपीसाठी (हिरवं चमकणारं प्रोटीन) निळा प्रकाश लावू नकोस, त्याने ब्लेबिस्टॅटिन बिघडतं आणि पेशींनाही त्रास होतो, आमचा अख्खा आठवडा यात गेलाय. आणि अगदी कडेचे बारीक नवे ठिपके मायोसिनशिवायही बनतात, ते दिसले म्हणून प्रयोग फसला असं समजू नकोस.

पेशीवाली: ताई थँक्यू!! मऊ जेलवर व्हिन्क्युलिनचं स्टेनिंग केलंच नव्हतं, आता पॅक्सिलिनसोबत तेही करते, टॅलिन उलगडत नसेल तर तिथे व्हिन्क्युलिन कमी दिसायला हवं ना.